जेवणानंतरची घागर

मंचरच्या रस्त्याला गुऱ्हाळ लागलं की त्याचा वास आमच्या घरापर्यंत येतो. उकळत्या रसाचा, किंचित करपलेला, घशात चिकटून बसणारा वास. परवा तो आला आणि मी उठून खिडकीशी उभी राहिले, तर मागून सूनबाईंचा आवाज आला, "आई, नुसता वासच घेताय ना?" म्हणजे बघा. म्हातारपणी माणसाला वास घ्यायचीसुद्धा चोरी.

यंदा मला साखर निघाली. डॉक्टर नातवाच्या वयाचा आहे. त्यानं सांगितलं, "आजी, जेवलात की लगेच टेकायचं नाही. थोडं चालायचं. जोरात नको, फार वेळही नको, पण जेवण झाल्या झाल्या. अन्नातली साखर रक्तात उतरत असते तेव्हाच पाय हलले, की ती पायातच खर्ची पडते." माझा असल्या सोप्या उपायांवर विश्वास नाही, म्हणून मी पडताळा घेतला. एक दिवस जेवून बसून राहिले, दुसऱ्या दिवशी तेच जेवून अंगणाबाहेर फिरून आले, आणि दोन्ही वेळा बोट टोचून घेतलं. फिरले त्या दिवशी आकडा खाली आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसून पाहिलं, कारण यंत्र सुनेनं आणलेलं आहे. पण यंत्र खरं बोलत होतं.

तेव्हापासून मी दोन्ही वेळा जेवून चालायला निघते, हातात दुधाची किटली घेऊन. दूध आमच्याकडे पिशवीतून येतं, आणि तेही पहाटे. किटलीच्या तळाशी थोडं पाणी असतं, वर घट्ट झाकण. मी निजले की सून ते झाकण उघडून बघते. मला कळतं, कारण मी झाकण एका खुणेवर लावून ठेवते. "आई, किटली कशाला?" तिनं एकदा विचारलंच. "मोकळे हात बरे दिसत नाहीत," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं.

आणे जाऊन बाजारात नवे पैसे आले त्या सुमाराची गोष्ट. मी कळंबची, लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले होते. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, हातात आलेलं प्रत्येक नवं नाणं दारात नेऊन उजेडात उलटंपालटं करून बघायच्या. मलाही त्यांनी आल्या दिवशी साधारण तसंच पाहिलं होतं. मी शाळा शिकलेली, हा माझा मोठा दोष. "वाचनाऱ्या बाईचं डोळं सगळीकडं फिरत्यात," असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. तुपाच्या बरणीला आतून बोटानं रेघ ओढून ठेवायच्या. मीही काही कमी नव्हते. त्या शेजारणीशी हळू बोलल्या की ते माझ्याबद्दलच असणार, याबद्दल माझी खात्री असे. एका चुलीवर आम्ही दोघी राबत होतो आणि एकमेकींच्या सावलीवर नजर ठेवून होतो.

त्या हिवाळ्यात गुऱ्हाळ जोरात होतं. ओढ्याकाठच्या मळ्यांतून चरक बसले होते. बैल गोल फिरायचे, चरक कुरकुरायचा, आणि चुलवाणावरच्या मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, रस चढायला लागला की सगळ्या शिवाराला भूक लागायची. आमच्या मळ्यात गुळव्या होता जुन्नरचा हसनभाई. दरवर्षी तोच यायचा. रस आटत आला की तो पाण्यात एक थेंब सोडायचा, बोटांनी त्याची गोळी करून बघायचा आणि मगच काहील उतरवायला सांगायचा. त्याच्या हाताखाली चार माणसं असायची, पण त्या गोळीवर बोट दुसऱ्या कुणाचं पडायचं नाही. संशयी माणूस मला आवडतो, त्यामुळे हसनभाईही आवडायचा.

गुऱ्हाळाची एक रीत होती. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची आणि हातावर गरम गुळाचा खडा ठेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. भांडण असलं तरी. आणि ज्याला दिला त्यानं नको म्हणायचं नाही. नको म्हटलं तर पुढची काहील बिघडते असा समज होता, आणि बिघडली तर नाव त्या माणसाचं निघायचं.

अशा दिवसांत आत्याबाई जेवल्यावर चालायला लागल्या.

त्याआधी त्यांचं दुपारचं जेवण झालं की त्या मेढीला, म्हणजे घरातल्या खांबाला, टेकून बसायच्या, पानाचं चंचीतलं सगळं सामान मांडायच्या आणि तिथून मला कामं सांगायच्या. घरात सून आल्यावर सासूनं बसायचं असतं, तो त्यांचा मान होता. एका दुपारी त्यांनी ताटावरून उठून चूळ भरली, पायात वहाणा सरकवल्या आणि त्या निघाल्या. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, त्यामुळे विचारता येईना. थोड्या वेळानं परत आल्या, कपाळाला घाम घेऊन. दुसऱ्या दिवशी तेच. सांजेचं जेवण आम्ही दिवस मावळायच्या आत उरकत असू, त्यानंतरही तेच. मी लगेच ताडलं की ह्या माझ्या चुगल्या करायला जातात.

पण तसं म्हणावं तर चुगल्या ऐकणारी शेजारीण म्हणजे सखूबाई, आणि तिनंच मला विहिरीवर अडवलं. "का गं मंजुळा, तुजी सासू जेवल्यावं कुठं जाती? हातात ना इळा, ना पाटी. नुसती आपली चालती अन् माघारी येती. लई इपरीत दिसतंय बया."

इपरीतच होतं. गावात बाई चालते ती कशाच्या तरी ओझ्याखाली चालते. डोक्यावर भारा, कडेवर पोर, हातात भाकरीचं फडकं, काहीतरी असतंच. पुण्याहून आलेले पेन्शनर मास्तर संध्याकाळी जेवून शतपावली करायचे, त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. ते पुरुष होते, शिवाय पुण्याचे. पण घरची मोठी बाई रिकाम्या हातानं भर उन्हात जाते आणि येते, याचा अर्थ लावायला सगळी आळी बसली. कुणी म्हणे देवऋष्याकडे जाते, कुणी म्हणे दागिने पुरलेत, कुणी डोक्याकडे बोट दाखवी. मी कुणाचंच खोडून काढलं नाही, कारण मला सगळंच शक्य वाटत होतं.

मग मला मुंग्या दिसल्या. आत्याबाईंनी लुगडं वाळत घातलं होतं आणि पदराच्या टोकाला काळ्या मुंग्यांचा झुबका लागलेला. टोक चिकट होतं. नाकाशी नेलं तर गुळाचा वास. घरात तर त्यांनी गोड सोडलं होतं. उपास धरलाय म्हणून सांगत, चहासुद्धा बिनगुळाचा पीत आणि तोंड वाकडं करत. म्हणजे घरात उपास, आणि बाहेर गुऱ्हाळं पालथी घालायची! मला जो आनंद झाला तो सांगवत नाही. सासू गुन्ह्यात सापडणं हा सुनेच्या आयुष्यातला सणच असतो.

दुसऱ्या दिवशी माणसांच्या भाकरी घेऊन मी मळ्यात जरा लवकर गेले आणि चिपाडांच्या गंजीआड उभी राहिले. आत्याबाई ओढ्याच्या वाटेनं येताना दिसल्या. हसनभाईनं हाक मारली, "या मावशी, त्वांड ग्वाड केल्याबिगर जायाचं न्हाई!" त्यांनी हात पुढं केला, खडा घेतला, तोंडाजवळ नेला. "लई झाक उतरलाय रं," म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. वळण येताच खडा पदरात गेला. गंजीला वळसा घालून त्या बांधलेल्या म्हशीपाशी आल्या आणि पदर सोडून सगळा गूळ तिच्या तोंडात दिला. वाटेतल्या सगळ्या गुऱ्हाळांचा होता तो, चांगला मूठभर. म्हैस मिटक्या मारत होती. आत्याबाई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला इतक्या लांबून कळत होतं.

"माज्या मागावर व्हतीस व्हय?" त्यांनी न वळता विचारलं.

"मुंग्या लागल्या होत्या लुगड्याला," मी म्हटलं.

त्या मटकन बांधावर बसल्या, मग काहीतरी आठवून पुन्हा उठल्या आणि चालता चालताच बोलू लागल्या. मी शेजारून चालले. पायाला काटा लागून झालेली जखम पावसाळ्यापासून भरत नव्हती, तहान थांबत नव्हती, म्हणून मामंजी त्यांना मंचरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. "माजं लगवीचं पानी त्यानं काचंच्या नळीत घेतलं, निळ्या औषदात. खाली दिवा धरला. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आन मग इटकरीवानी लाल. म्हनला, बाई, तुमच्या अंगातच गुऱ्हाळ लागलंय. ग्वाड बंद कर म्हनला, भाकर अर्दी कर, आन जेवली की बसू नगं, चाल. म्या म्हनलं, मी काय चरकाचा बैल हाय? तर म्हनला, बैल थांबला की चरक बी थांबतो."

"मग?"

"मग काय. चालाया लागल्यापासनं नळी हिरव्याव थांबती. जखम बी खपली धराया लागली."

मी विचारलं, हे घरात आम्हाला का सांगितलं नाही, हसनभाईला सरळ नको का म्हणत नाही? त्या थांबल्या. "यमीचं खोडदला जमाया लागलंय," म्हणाल्या. यमुना म्हणजे माझी नणंद, शेंडेफळ. खोडदचं घर चांगलं होतं, मुलगा निर्व्यसनी, विहिरीला पाणी. "आईला साखरंचा रोग हाय म्हनल्यावं कोन करतंय पोरगी? रोग घरान्यात हाय म्हनत्याल. आधीच एक ठिकान मोडलंय तिचं. ह्ये बी मोडलं तर पोरगी उजवायची न्हाई माज्या हयातीत."

मला त्यांची दया आली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी शंका आली. हा रोग माझ्या लग्नाच्या वेळी होता का? माझ्या वडलांपासूनही असाच लपवला होता का? मी तसं तोंडावर विचारलं. "तुज्या वक्ताला ठावंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या, आणि मागं म्हशीकडे बघून म्हणाल्या. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गंमत अशी की पुढं आयुष्यभर मी नवऱ्याच्या ताटातला भात मोजत राहिले, सासरचं रक्त म्हणून. त्यांना शेवटपर्यंत काही झालं नाही. साखर निघाली ती मला. यंदा आकडा ऐकल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती माझी कळंबची आई. ती रोज जेवण झालं की पाटी घेऊन शेण गोळा करायला निघायची. भर दुपारी, गुरं सगळी रानात गेलेली असताना. पाटीत शेण फारसं कधी नसायचंच. आता विचारणार तरी कुणाला?

मध्यस्थ पाहुणा मामंजींकडे आला त्या दिवशी मी दाराआड उभी होते. "राव, राग धरू नगा," तो म्हणाला. "खोडदकर इचारत्यात, पोरीची आई जेवल्यावं गावभर हिंडती म्हनं. डोस्क्याव काय परिनाम हाय का? तसं असंल तर आदीच सांगा म्हनत्यात." मामंजी काहीबाही बोलले. पाहुणा गेल्यावर आत्याबाई मेढीला टेकून बसल्या त्या बसूनच राहिल्या. चालणं बंद झालं. आठवडाभरात तहान परत आली. जेवल्यावर डोळे मिटायला लागले, पायाची खपली ओली झाली. यमुना बापडी आईचे पाय दाबत बसायची, तिला वाटे थंडी बाधलीय. आत्याबाई तिच्या केसांवरून हात फिरवत आणि माझ्याकडे बघत. चालल्या तर पोरीचं लग्न मोडत होतं, बसल्या तर पाय जात होता.

माझं डोकं संशयी असल्यामुळे दुसऱ्याचा संशय कशानं मरतो हे मला कळतं. मी तांब्याची घागर काढली. "आत्याबाई, ही घेऊन चाला." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "रिकामी घागर घिऊन? समोर आलेला मानूस थुकंल माज्याव. अपशकुन असतोय." ते खरंच होतं. म्हणून मी तळाशी ओंजळभर पाणी घातलं आणि तोंडावर तांब्या पालथा ठेवला. आता घागर रिकामी नव्हती, आणि भरलेली नाही हे कुणाला दिसत नव्हतं. चालताना आत पाणी डुचमळायचं, त्यामुळे आवाजही खरा यायचा.

आत्याबाई कडेवर घागर घेऊन निघाल्या आणि गावाला दिसेनाशा झाल्या. म्हणजे दिसत होत्या, पण कुणी बघत नव्हतं. पाण्याला चाललेल्या बाईकडे काय बघायचं? हसनभाईनंही हाक मारायची सोडली, कारण हात गुंतलेल्या बाईला गूळ द्यायचा कुठं. सखूबाईनं एवढंच विचारलं, "घरात सून असून तुला पानी आनावं लागतंय व्हय गं?" म्हणजे माझी अब्रू गेली, पण आत्याबाईंचा पाय सुकायला लागला. ह्या सौद्याबद्दल त्या मला पुढं कधी चांगलं बोलल्या नाहीत. तुपाच्या बरणीतली रेघ मात्र बंद झाली.

आणि मग गुऱ्हाळ संपत आलं असताना खोडदची बाई स्वतः आली. मुलाची आई. नवऱ्यासोबत बैलगाडीतून, सांगून सवरून नाही, "यंदा गूळ कसा उतरलाय बघू म्हनलं" असं निमित्त काढून. उंच, सडपातळ, आणि डोळे असे की कोपऱ्यातली जळमटं लाजावीत. तिनं भिंती पाहिल्या, गोठा पाहिला, यमुनेला चालायला लावलं, आत्याबाईंशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत वेड शोधलं. माझ्याहून संशयी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आत्याबाईंनी मला चुलीपाशी कुजबुजून सांगितलं, "आज म्या हालनार न्हाई. जेवून दगडावानी बसते. एक दिस काय मरत न्हाई."

जेवणाआधी तिला गुऱ्हाळावर नेलं. हसनभाईनं हातावर खडा ठेवला. तिनं तो तोंडाशी नेला, "लई ग्वाड हाय," म्हणाली. पण तिचा जबडा हलला नाही. मी बघत होते, मला बघण्याशिवाय येतं काय? जेवायला पुरणपोळी होती. "दाढ दुखतीया," म्हणून तिनं पोळी यमुनेच्या ताटात सरकवली आणि अर्धी भाकरी मागून घेतली. मी वाढायला वाकले तर तिच्या पदराच्या गाठीवरून एक मुंगी चालत होती. मागून दुसरी. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई मुंग्यांकडेच बघत होत्या.

जेवणं झाली. पुरुष ओसरीवर गेले. आत्याबाई मेढीला टेकून बसल्या, बोलल्याप्रमाणे, दगडासारख्या. पाहुणी समोर बसली. थोडा वेळ गेला. पाहुणीनं मांडी बदलली. मग पाय लांब केले, मग आखडले. दाराकडे बघितलं. सुपारी दिली ती हातातच धरली. शेवटी ती उठलीच.

"बसून बसून पाय मोडून आलं बगा," ती म्हणाली. "पान्याची एकादी खेप आनू का?"

मुलाकडची पाहुणी, पहिल्यांदा घरात आलेली, आणि पाणी आणते म्हणतेय! असं कधी कुणी ऐकलं नसेल. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. आत्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, नव्या नाण्याकडे बघायच्या तसं, उलटूनपालटून. मग मेढीला धरून उठल्या.

"मंजुळे, दोन घागरी काढ."

मी काढल्या. दोन्ही रिकाम्या, घासलेल्या. त्यांच्या घागरीत पाणी घालायला मी रांजणाकडे वळणार, तेवढ्यात पाहुणीनं आपली घागर उचलली, रांजणापाशी गेली, त्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि घागरीच्या तळाशी सोडलं. फळीवरचा तांब्या घेऊन तोंडावर पालथा घातला. घागर कडेवर घेऊन जरा हलवली आणि आत डुचमळल्याचा आवाज ऐकला. ही युक्ती मी आत्याबाईंशिवाय कुणालाही सांगितली नव्हती.

आत्याबाईंनी पुढं होऊन तिच्या पदरावरची मुंगी बोटानं झटकली. "चला इहीनबाई," म्हणाल्या. अजून काहीच ठरलेलं नव्हतं, तरी तसंच म्हणाल्या. दोघी उंबरा ओलांडून ओढ्याच्या वाटेला लागल्या, चांगल्या झपाझप.

यमुना माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. "वहिनी, रांजण तर काठोकाठ भरलाय," ती हळूच म्हणाली. "मग ह्या दोघी पाण्याला कशाला चालल्यात?"

"तुमचं लग्न ठरवायला," मी म्हटलं.